पहिल्या टीआधी बॅग मोजताना

गोल्फच्या एका राऊंडमध्ये, म्हणजे कोर्सचे सगळे होल एकदा खेळताना, बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) ठेवता येतात. ते पहिल्या टीवर, म्हणजे पहिला होल जिथून सुरू होतो तिथे जायच्या आधी मोजायचे. पण बॅग उभी ठेवून वरून क्लब मोजले की मोजणी चुकते. ड्रायव्हर आणि फेअरवे वुड या लांब पल्ल्याच्या क्लबांची जाडजूड कव्हरं वर पसरलेली असतात, जवळच्या फटक्यांचे वेज आखूड म्हणून त्यांच्याखाली दडलेले असतात आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर वापरायचा पटर कुठेतरी कडेला उभा असतो. बॅगेला चौदा कप्पे आहेत म्हणून आत चौदाच क्लब आहेत, असंही नसतं. एका कप्प्यात दोन वेज आरामात मावतात. म्हणून स्पर्धेच्या दिवशी आम्ही आयोजक मोजायला बसतो तेव्हा बॅग सरळ रिकामी करतो. सगळे क्लब गवतावर आडवे, लांबीच्या क्रमाने लावलेले. असं केलं की जोडी लगेच नजरेत येते.

नेहमीचा सेट साधारण असा भरतो: ड्रायव्हर १, फेअरवे वुड २, हायब्रिड (वुड आणि आयर्नच्या मधला) १, पाच ते नऊ नंबरचे आयर्न (मधल्या अंतराचे, पातळ डोक्याचे) ५, पिचिंगपासून लॉबपर्यंत वेज ४ आणि पटर १. झाले १४. वाटणी कशीही बदला, तीन पटर ठेवा हवं तर, नियमाला फक्त एकूण आकड्याशी देणंघेणं आहे. कमी असले तर चालतात, आणि कमी घेऊन निघालात तर वाटेत १४ पर्यंत भरही घालता येते.

पंधरावा क्लब बॅगेत येतो तो बहुतेक सरावाच्या वेळी. नवा ड्रायव्हर घ्यायचा म्हणून रेंजवर (सरावाच्या मैदानावर) दोन्ही मारून पाहिले आणि दोन्ही परत बॅगेत गेले. मित्राचा ५६ डिग्रीचा वेज चिपिंगला (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांना) घेतला, तो राहून गेला. कॅडीने, म्हणजे बॅग वाहणाऱ्या मदतनिसाने, दोन बॅगांचे क्लब एकत्र धुतले आणि एक इकडचा तिकडे झाला. मुलाचा छोटा पटर बाजूच्या खिशात होता. यात कुणाचाही काही डाव नसतो. दंड मात्र डाव असल्यासारखाच बसतो, कारण नियम हेतू विचारत नाही, आकडा विचारतो. मोजायची जबाबदारीही खेळाडूचीच. राऊंडमध्ये कॅडीची चूक ही तुमचीच चूक. आमच्याकडे कॅडीवर सगळं सोपवायची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की अनेकांना स्वतःच्या बॅगेत कुठला हायब्रिड आहे हेसुद्धा पटकन सांगता येत नाही.

२००१ च्या ओपनमधलं (ब्रिटनमधली मोठी स्पर्धा) इयन वूसनम या खेळाडूचं उदाहरण जगभर देतात. रॉयल लिदम अँड सेंट अ‍ॅन्सवर शेवटच्या दिवशी तो आघाडीवरच्या खेळाडूंच्या बरोबरीने निघाला आणि पहिल्या होलला बर्डी केली, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी. दुसऱ्या टीवर कॅडीने सांगितलं की बॅगेत दोन ड्रायव्हर आहेत. यातली गोम अशी की लिदमचा पहिला होल पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा छोटा होल आहे. तिथे टीवर आयर्न लागतो, ड्रायव्हरकडे कुणाचा हातच जात नाही. पहिला होल पार चारचा किंवा पाचचा असता, तर कव्हर काढतानाच दुसरा ड्रायव्हर दिसला असता. दोन फटके वाढले आणि तो शेवटी तिसऱ्या क्रमांकावर इतरांच्या बरोबरीने राहिला. ते दोन फटके नसते तर एकट्याचा दुसरा क्रमांक होता. म्हणून ज्या कोर्सवर पहिला होल छोटा असतो, किंवा शॉटगन स्टार्टमध्ये (सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू करतात तेव्हा) ज्या गटाला पार तीनवरून सुरुवात मिळते, तिथे आम्ही मोजणीचा आग्रह जरा जास्त धरतो.

चौदाचा हा आकडा फार जुना नाही. अमेरिकेत यूएसजीए या तिथल्या गोल्फ संघटनेने तो १९३८ पासून लागू केला, आर अँड ए या ब्रिटनमधल्या नियमसंस्थेने १९३९ मध्ये. त्याआधी लॉसन लिटलसारखा खेळाडू पंचवीसहून जास्त क्लब घेऊन फिरायचा. लाकडी शाफ्टच्या (क्लबच्या दांड्याच्या) जागी स्टील आलं (यूएसजीएची मान्यता १९२४, आर अँड एची १९२९), नंबरवार जुळवलेले सेट दुकानात मिळू लागले, आणि प्रत्येक अंतराला वेगळा क्लब अशी चाल पडली. अर्धा, पाऊण स्विंग करून एकाच क्लबने तीन अंतरं मारायचं कसब त्यात बाजूला पडत होतं. कॅडीच्या खांद्याचं काय होत असेल ते वेगळंच. आज अमेरिका आणि मेक्सिको यूएसजीएकडे आणि बाकी जग आर अँड एकडे असलं, तरी नियमपुस्तक दोघांचं मिळून एकच आहे. चेंबूर, येरवडा, खारघर, कुठेही खेळा, नियम ४ तोच.

आता दंडाचा हिशोब. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात त्या खेळात) जास्तीचा क्लब जितक्या होलना बॅगेत होता, तितक्या होलना प्रत्येकी दोन फटके, पण एका राऊंडमध्ये जास्तीत जास्त चार. ते पहिल्या दोन होलच्या आकड्यांत मिळवायचे. स्टेबलफर्डमध्ये (होलवार गुण मिळतात त्या खेळात) याच पद्धतीने दोन गुण, जास्तीत जास्त चार, एकूण गुणांतून वजा. मॅच प्लेमध्ये (प्रतिस्पर्ध्याशी होल जिंकण्याच्या खेळात) होलचा निकाल तसाच राहतो, पण मॅचच्या स्कोअरमधून प्रत्येक चुकीच्या होलमागे एक होल कापतात, जास्तीत जास्त दोन. समजा तिसऱ्या होलवर खेळताना १५ क्लब लक्षात आले. आधी तो होल पूर्ण खेळायचा. तो जिंकून तुम्ही ३ अप (तीन होल पुढे) झालात, तर त्यातून दोन गेले आणि तुम्ही १ अप. अनेकजण लक्षात आल्याक्षणी होल सोडून देतात. त्याची गरज नाही आणि तसं करून पदरचा आणखी एक होल जातो.

लक्षात कधी आलं यावर बरंच अवलंबून आहे. दोन होलच्या मधे कळलं तर दंड नुकत्याच संपलेल्या होलपर्यंतचाच. दुसऱ्या टीवर, चेंडू मारायच्या आधी लक्षात आलं तर दोन फटके. तोच चेंडू मारून मग लक्षात आलं तर दुसरा होलही मोजला जातो आणि चार होतात. म्हणून पहिल्या होलवर पटर परत ठेवताना एकदा बॅगेत नीट डोकवावं. दोन फटके वाचवायची ती संधी असते.

क्लब जास्त आहे हे कळल्यावर पुढचं पाऊल ताबडतोब उचलायचं असतं, आणि इथे जे चुकतात त्यांचं नुकसान चार फटक्यांवर थांबत नाही. जास्तीचा क्लब तत्काळ खेळाबाहेर काढायचा. मॅच प्लेमध्ये प्रतिस्पर्ध्याला आणि स्ट्रोक प्लेमध्ये मार्करला (तुमचे फटके लिहिणाऱ्याला) किंवा गटातल्या दुसऱ्या खेळाडूला तसं स्पष्ट सांगायचं, किंवा दिसेल अशी कृती करायची: क्लब बॅगेत उलटा, डोकं खाली करून ठेवणं, कार्टच्या तळाशी टाकणं, दुसऱ्या कुणाकडे देणं. मनातल्या मनात ‘हा नाही वापरणार’ असं ठरवून चालत नाही. जाहीर केलं नाही किंवा नंतर त्याच क्लबने फटका मारला, तर थेट अपात्र. कुठला क्लब काढायचा ते सुरुवातीलाच जास्त असतील तर तुम्ही ठरवता. वूसनमला दोन ड्रायव्हरपैकी कुठलाही ठेवता आला असता. वाटेत भर घालताना आकडा ओलांडला असेल, तर मात्र नंतर घातलेलाच काढावा लागतो.

राऊंड सुरू व्हायच्या आधीच कळलं तर प्रश्न सोपा. क्लब गाडीत किंवा स्टार्टरकडे (पहिल्या टीवरून गट सोडणाऱ्याकडे) ठेवा. गाडी लांब आहे, टी टाइम झाला आहे, तर पहिल्या फटक्याआधी तो खेळाबाहेर असल्याचं सांगून बॅगेत उलटा ठेवला तरी चालतो, दंड नाही. ही सवलत नकळत आणलेल्या क्लबसाठी आहे. ‘आधी सोळा घेऊन पहिल्या टीवर जाऊ, वारा बघू, मग दोन उलटे करू’ असा बेत असेल तर ती मिळत नाही. मुद्दाम आणलेले जादा क्लब पहिल्या टीवरून मागे सोडूनच निघावं लागतं.

आणखी एक गैरसमज नेहमी दिसतो. ग्रीनच्या कडेला कुणी विसरलेला वेज तुम्ही उचलून बॅगेत टाकला, किंवा राऊंड चालू असताना कॅडीने चुकून दुसऱ्याचा क्लब तुमच्या बॅगेत ठेवला, तर तो तुमच्या चौदात मोजत नाहीत. फक्त त्याने खेळायचं नाही. एखादा खेळाडू सापडलेला क्लब हातात धरून ‘माझ्याकडे चौदा आहेत, मी घेऊ की नको’ करत उभा राहतो आणि मागचा गट खोळंबतो. बिनधास्त घ्या आणि पुढच्या टीवर मालकाला द्या.

पण दुसऱ्याच्या क्लबने फटका मारणं हे वेगळं प्रकरण. कोर्सवर त्या वेळी खेळत असलेल्या कुणाचाही क्लब वापरता येत नाही, तो दुसऱ्या गटात असो वा दुसऱ्या स्पर्धेत. नवरा-बायको एकाच बॅगेतून खेळतात तेव्हा हे हमखास घडतं. जोडीच्या खेळात, म्हणजे फोरसम किंवा फोरबॉलमध्ये, दोघांचे मिळून क्लब १४ पेक्षा जास्त नसतील तरच भागीदार एकमेकांचे वापरू शकतात. दोघांच्या वेगवेगळ्या बॅगेत नऊ आणि आठ असतील, तर एकूण १७. मग वाटून वापरायला मनाई.

मोजून झालं की क्लब कसे आहेत ते पाहतो. नियमबाह्य क्लब नुसता बॅगेत असणं हा गुन्हा नाही (मात्र तो चौदात धरला जातो). त्याने फटका मारला की अपात्र. गोल्फ क्लबच्या (संस्थेच्या) स्पर्धेत आमच्या हाती मोजपट्टीपलीकडे काही नसतं. त्यामुळे डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवरच भर. दोन्ही बाजूंनी मारता येणारा चिपर हा सगळ्यात जास्त सापडणारा प्रकार. पटर सोडून कुठल्याही क्लबला एकच मारायची बाजू असावी लागते. पटर म्हणजे ज्याचा लॉफ्ट (चेहऱ्याचा मागे कललेला कोन) १० अंशांपेक्षा जास्त नाही तो. चिपरचा लॉफ्ट त्याहून बराच जास्त, म्हणजे नियमाच्या दृष्टीने तो आयर्न. मग त्याला पटरसारखी पुढून चपटी ग्रिपही चालत नाही, आयर्नची ग्रिप गोलच हवी. दुकानदार ‘पटरसारखाच मारा’ म्हणून विकतो, त्याला काय जातंय.

ड्रायव्हरच्या डोक्याचं आकारमान ४६० घनसेंटिमीटरपर्यंत, मोजमापाची सूट १०. ‘५००’ असं अभिमानाने छापलेले, स्वस्तात मिळणारे ड्रायव्हर मुळातच बाद. पटर सोडून क्लबची लांबी ४८ इंचांपर्यंत. २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांसाठी ही मर्यादा ४६ इंचांवर आणणारा लोकल रूल (आयोजक आपल्या स्पर्धेपुरता लावतात तो नियम) उपलब्ध आहे, पण सर्वसाधारण क्लब स्पर्धेत तो लावलेला नसतो. मान्य ड्रायव्हर हेडची यादी आर अँड ए आणि यूएसजीएच्या संकेतस्थळांवर आहे. त्यात मॉडेलच्या नावाबरोबर लॉफ्ट आणि डोक्यावरच्या खुणाही जुळवायच्या असतात, कारण एकाच नावाची एक आवृत्ती मान्य आणि दुसरी अमान्य असू शकते. यादीतलाच ड्रायव्हर हवा, ही अट स्पर्धेच्या लोकल रूलमध्ये असेल तरच लागते. यादीत नाही म्हणून आपोआप नियमबाह्य ठरत नाही.

नेहमीच्या वापराने झिजलेला क्लब बाद होत नाही, वेजच्या खाचा गुळगुळीत झाल्या तरी. ड्रायव्हरची गोष्ट जरा उलटी आहे. त्याचा चेहरा हजारो फटक्यांनी पातळ, लवचिक होत जातो आणि चेंडू जास्त उसळवू लागतो. ही उसळी मायक्रोसेकंदांत मोजतात: मर्यादा २३९ आणि सूट १८, म्हणजे २५७. मोठ्या स्पर्धांत आधीच्या दिवसांत काही ड्रायव्हर काढून तपासतात. २०१९ च्या रॉयल पोर्टरशच्या ओपनला झँडर शॉफलेचा आणि २०२५ च्या पीजीए चँपियनशिपला क्वेल हॉलोवर रोरी मॅकिलरॉयचा ड्रायव्हर असाच नापास झाला आणि दोघांना दुसरा घ्यावा लागला. कारखान्यात मर्यादेच्या अगदी काठावर बनवलेलं हेड जोरकस फटके मारणाऱ्याच्या हाती लवकर पलीकडे जातं, यात फसवणूक शोधायची गरज नाही.

फिरवता येणाऱ्या ड्रायव्हरची किल्ली बॅगेत ठेवायला हरकत नाही. राऊंड सुरू झाल्यावर तिने लॉफ्ट बदलायचा नाही, वजनं हलवायची नाहीत. ‘आज स्लाइस होतोय (चेंडू एका बाजूला वळतोय), जरा ड्रॉवर (उलट बाजूला वळेल असा) लावतो’ हे रेंजवर करा. चुकून फिरवलंच, तर फटका मारायच्या आधी जसं होतं तसं परत लावलं की दंड नाही. तसंच खेळलात तर अपात्र. शिशाची पट्टीही सुरुवातीला लावलेली असेल तशीच राहू द्यावी, मधे वाढवू वा काढू नये. आपोआप सुटून पडली तर त्याच जागी परत चिकटवता येते. क्लबच्या चेहऱ्यावर सनस्क्रीन, थुंकी, व्हॅसलीन असं काही चोपडणं म्हणजे चेंडूची फिरकी बदलायचा प्रयत्न. त्याची शिक्षाही तीच. चेंडू कुठे लागतो ते पाहायला रेंजवर पांढरा स्प्रे मारतात, तो पहिल्या टीआधी पुसून टाका.

मोडलेल्या क्लबबाबत २०२३ मध्ये नियम बराच सैल झाला. राऊंडमध्ये क्लबला इजा झाली, तर तसाच वापरता येतो, मूळचीच ग्रिप, शाफ्ट आणि हेड वापरून शक्य तितका पूर्ववत करता येतो, किंवा बदलता येतो. बदलला तर जुना लगेच खेळाबाहेर जाहीर करायचा. झाडाच्या मुळावर आयर्न आपटून शाफ्ट वाकला, बॅगेतून काढताना मोडला, त्यावर टेकून उभे राहिलात आणि तो गेला, हे सगळं चालतं. रागाने आपटून किंवा फेकून मोडला तर बदली नाही, दुरुस्ती नाही. वाकड्या अवस्थेत वापरायचा तर वापरा, राऊंडपुरता तो वैध धरतात. काही स्पर्धांत लोकल रूल लावून बदली फक्त मोडलेल्या किंवा मोठी इजा झालेल्या क्लबपुरती ठेवतात. तिथे चेहऱ्याला नुसती चीर गेली म्हणून ड्रायव्हर बदलता येत नाही. लोकल रूलचा हा कागद पहिल्या टीवर मिळतो आणि बहुतेकांच्या मागच्या खिशात घडी न उलगडता जातो.

बदली क्लब आणताना तीन बंधनं आहेत. खेळ रेंगाळू द्यायचा नाही. कोर्सवर खेळणाऱ्या कुणाकडून घ्यायचा नाही. आणि तुमच्यासाठी कुणी सुटे भाग वाहून नेत असेल तर त्यांतून वाटेत नवा क्लब जोडायचा नाही. क्लब हाऊसमधून, गाडीतून किंवा न खेळणाऱ्या मित्राकडून आणवला तर चालतो. हरवलेल्या क्लबला यातलं काहीच लागू नाही. चौदा घेऊन निघालात आणि एक तळ्यात गेला, तर तेरावरच राऊंड संपवायचा.

चेंडूचं मोजमाप: वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको. पूर्वी आर अँड एच्या हद्दीत १.६२ इंचांचा लहान चेंडूही चालायचा. वाऱ्यात तो बरा जायचा. ओपनमध्ये १९७४ पासून १.६८ इंचांचा सक्तीचा झाला आणि १९९० मध्ये लहान चेंडू सगळीकडून गेला. चेंडू संपले तर दुसऱ्या खेळाडूकडून मागता येतात, क्लबसारखी इथे बंदी नाही. फक्त एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा चेंडू राऊंडभर वापरण्याचा लोकल रूल लावला आहे का ते आधी पाहायचं. तो मोठ्या स्पर्धांत असतो.

तळ्यातून काढून पुन्हा रंगवलेले चेंडू आमच्याकडे सर्रास विकले जातात. सरावाला ठीक. स्पर्धेत त्यावरचा शिक्का खरा की रंगाबरोबर नवा मारलेला, हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून आम्ही नकोच म्हणतो.

खेळताना चेंडू चिरला किंवा फाटला असं वाटलं तर खूण करून उचलून पाहता येतं, पण पुसायचा नाही. खूण न करता, कारण नसताना उचलला किंवा ग्रीनवर नसताना पुसला तर एक फटका. त्याच होलवर पडलेली, डोळ्यांना स्पष्ट दिसणारी चीर असेल तरच बदली. कार्ट पाथवर घासून नुसता रंग गेला, ओरखडा आला, तर तोच खेळायचा. चेंडू मारताना त्याचे तुकडेच झाले तर तो फटका मोजायचा नाही, त्याच जागेवरून दुसरा मारायचा. चेंडू मुद्दाम गरम करणं, खरवडणं ही थेट अपात्रता. टीची लांबी जास्तीत जास्त ४ इंच.

रेंजफाइंडर हा हल्लीचा सगळ्यात मोठा वाद. २०१९ पासून अंतर मोजायला मुभा आहे, लोकल रूलने बंदी घातली नसेल तर. दिशा पाहायला होकायंत्रही चालतं. चालत नाही ते चढउताराचं मोजमाप. खारघरसारख्या डोंगरकुशीतल्या कोर्सवर खरा मोह इथेच होतो. लेझर १५० यार्ड दाखवतो, ग्रीन वर चढावर आहे, आणि स्लोप चालू असेल तर खाली १६० असा दुसरा आकडा येतो. तो दुसरा आकडा म्हणजेच नियमभंग. उपकरणात स्लोपची सोय असणं चालतं, ती बंद ठेवायची. बहुतेक लेझरवर बाजूला सरकती पट्टी किंवा कळ असते आणि बंद असल्याचं बाहेरून दिसतं. काही घड्याळांत आणि अ‍ॅपमध्ये ‘टूर्नामेंट मोड’ आहे, तो राऊंड सुरू करण्याआधी लावा. काही अ‍ॅप राऊंड नव्याने सुरू केला की पूर्वीच्या सेटिंगवर जातात, ते एकदा तपासा. लेझर कॅडीच्या हातात असतो आणि आकडाही तोच वाचून सांगतो. म्हणून ‘मला माहीत नव्हतं’ हे इथेही लागू पडत नाही.

अ‍ॅपने ‘इथून सात नंबर मारा’ असं चेंडूच्या जागेवरून सुचवणं बंद. आजच्या राऊंडमधले फटके मोजून काढलेला सल्ला बंद. आजचे आकडे आणि हृदयाचे ठोके नंतर पाहायला नोंदवून ठेवता येतात, खेळताना त्यांचा वापर नाही. हवामानाचा अंदाज मोबाइलवर पाहा, वाऱ्याचा वेगही त्यात वाचा, पण कोर्सवर वारा मोजायचं यंत्र नको. पावडर उधळून किंवा रुमाल लटकवून वाऱ्याची दिशा पाहणंही नको. गवताची चिमूट उडवा, ती कृत्रिम वस्तू नव्हे. ग्रीनचे उतार दाखवणारी वही ठेवायची तर ती ४.२५ बाय ७ इंचांपेक्षा मोठी नको आणि ग्रीनचं चित्र ५ यार्डांना ३/८ इंच या प्रमाणापेक्षा मोठं नको. भिंगही नको, नेहमीचा चष्मा सोडून. कानात गाणी असली तरी चालतं, पण आजूबाजूचा गोंगाट बंद करायला किंवा स्विंगचा ठेका धरायला नाही. यात सीमारेषा कुठे आणि ती कोण ओळखणार, म्हणून आम्ही सरळ इअरफोन काढायला सांगतो. नियमापेक्षा हे कडक आहे, मान्य.

रेंजफाइंडरपासून इथपर्यंतचा, नियम ४.३ चा हा सगळा भाग मोडला तर पहिल्यांदा दोन फटके किंवा मॅच प्लेमध्ये तो होल. त्याच राऊंडमध्ये दुसऱ्यांदा, मग ते पूर्ण वेगळ्या वस्तूबाबत का असेना, अपात्र. सकाळी स्लोप पाहिला आणि बाराव्या होलवर क्लबवर वजनदार रिंग चढवून सरावाचा स्विंग केला, तर संपलं. ती रिंग, वजनदार कव्हर आणि पायांची रेषा पाहायच्या रंगीत काठ्या बॅगेत राहू शकतात. काठी खांद्यांवर आडवी धरून अंग मोकळं करता येतं. तीच काठी जमिनीवर ठेवून पाय जुळवता येत नाहीत, की ती घेऊन सरावाचा स्विंग करता येत नाही. रांगेत बसून कंटाळा आला की माणूस हे नकळत करतो, म्हणून आम्ही काठ्या बॅगेबाहेर ठेवायलाच सुचवतो.

आणि पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हातमोजे, टॉवेल आणि छत्री यांच्यावरच राऊंड चालतो. ग्रिपवर टॉवेल किंवा रुमाल गुंडाळता येतो, राळ, पावडर, ओल शोषणारं काहीही लावता येतं, साधे मोजे हवे तितके. छत्रीत मात्र खाच आहे. फटका मारताना कॅडीने तुमच्या डोक्यावर छत्री धरायची नाही. तशी धरली तर दोन फटके. स्टान्स घेईपर्यंत (फटक्यासाठी पाय रोवून उभं राहीपर्यंत) धरली तरी चालते, मारताना तो बाजूला हवा. स्वतः एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने चार इंचांवरचा चेंडू पटरने होलमध्ये मारला तर नियम काही म्हणत नाही.

राऊंड संपल्यावर स्कोअरच्या टेबलाशी आम्ही कार्डावर सही व्हायच्या आधी एकदा विचारतो: क्लब, स्लोप, काही सांगायचं आहे का? माहीत असलेला दंड न लिहिता सही केली तर अपात्र. खरोखरच माहीत नसलेला दंड असेल, म्हणजे कार्ड दिल्यावर गाडीच्या डिकीत बॅग ठेवताना पंधरावा क्लब दिसला, तर समिती त्या खेळाडूला बाद करत नाही. राहिलेले चार फटके पहिल्या दोन होलमध्ये घालते आणि निकाल नव्याने लावते. त्यासाठी स्पर्धा अजून बंद झालेली नसावी लागते, म्हणून आम्ही बक्षिसांची घोषणा शेवटची बॅग गाडीत चढेपर्यंत थोडी लांबवतो.